तोंडाने माग

९ जून, सोमवार

इरा आज दोन वर्षं नऊ महिन्यांची झाली. शब्दसंख्या — शून्य! सासूबाईंच्या मते एक. परवा व्हिडिओ कॉलवर ती ‘आऽ’ म्हणाली, ते त्यांना ‘आजी’ वाटलं. तो ‘आऽ’ ती फ्रिजलाही म्हणते. पण फ्रिजने अजून साताऱ्यातल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलेलं नाही.

आणि मी पोटापाण्यासाठी काय लिहितेय? शाळाशाळांतून फिरणाऱ्या प्रदर्शनाचे बारा फलक — ‘माणूस कसा झाला’. सहा झाले. झाडावरून उतरला, दोन पायांवर उभा राहिला, दगड फोडला, विस्तव केला. सातव्या फलकावर बोलायला लागणार आहे. दगड फोडल्यानंतर बोलायला त्याला लाखो वर्षं लागली म्हणतात, कोणी घाई केली नाही. इराला सगळ्यांनी तीन वर्षांची मुदत दिलीय.

११ जून

देवेशला मूळ कारण सापडलं! इथे चेन्नईबाहेर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात तो क्वालिटीत आहे. तिथे गिअरबॉक्समधून आवाज आला की पाच वेळा ‘का’ विचारतात, आणि पाचव्या ‘का’ला गुन्हेगार सापडतो म्हणे. काल रात्री जेवताना त्याने स्वतःच्या मुलीवर हा प्रयोग केला. इरा बोलत नाही — का? गोंधळते. का? घरात तीन भाषा. का? आपलं मराठी, महालक्ष्मीचं तमिळ, टीव्हीचं इंग्रजी. का? आपण शिस्त ठेवली नाही. का? (इथे त्याने माझ्याकडे पाहिलं.)

मग कागदावर माशाच्या काट्याची आकृती काढली — मधे कणा, बाजूला कारणांचे नऊ काटे — आणि फ्रिजवर चिकटवली. आजपासून घरात फक्त मराठी. टीव्ही बंद.

१२ जून

महालक्ष्मीने सकाळी आल्या आल्या आकृती बघितली. बराच वेळ बघितली. मग विचारलं, “अम्मा, हा कुठला मासा?”

ती चेन्नईजवळच्या कोवलमची, कोळ्यांच्या वस्तीतली. लेकीकडे कोडंबाक्कमला राहते आणि दीड वर्ष इराला सांभाळतेय. तिला तरी काय सांगणार, की हा आमच्या संसाराचा सांगाडा आहे! माझं तमिळ ऑटोवाल्याशी भांडण्यापुरतं. तिचं हिंदी त्याहून कमी. तरी समजावलं — पाप्पा (तमिळमध्ये बाळ, म्हणजे आमची इरा) बोलत नाही, म्हणून.

तिने स्वतःच्या कानाला हात लावला. “पाप्पाचे कान दाखवा, अम्मा.”

मी म्हटलं, कान ठणठणीत आहेत. जन्मली तेव्हाच तपासलेत, कागद आहे. आणि मिक्सर लावला की धावत येते की! ती “सरि” म्हणाली आणि भांड्यांकडे वळली. तिचं ‘सरि’ म्हणजे ‘बरं’. पण ते बरं कधी पटल्याचं असतं, कधी नुसतं पगार देणाऱ्या बाईला दिलेलं असतं.

१४ जून

साताऱ्याहून पार्सल. वेखंड. सोबत सासूबाईंची चिठ्ठी — सकाळी मधात उगाळून जिभेला लावणे. फोनवर वर म्हणाल्या, “अगं, देवेशही तीन वर्षांनी बोलला. आणि मग काय, थांबलाच नाही!”

शेवटचं वाक्य खरं आहे. मी साक्षीदार आहे.

महालक्ष्मीला दहा मराठी शब्द शिकवले. ‘दूध पी’, ‘चल’, ‘झोप’. संध्याकाळपर्यंत तिला सगळे पाठ! म्हणजे पद्धतीत खोट नाही. विद्यार्थिनीत आहे.

१७ जून

सातवा फलक. तज्ज्ञांचे दोन पक्ष. एक म्हणतो, भाषा आधी हातांत आली, तोंडात नंतर. दुसरा म्हणतो, छे, तोंडातच! पुरावा दोघांकडेही नाही, कारण शब्दांची हाडं सापडत नाहीत. दगडांचं बरं असतं. इथून सहा-सात स्टेशनांवर पल्लावरमला एक दगडी कुऱ्हाड सापडली — कोणीतरी ती हातात धरली होती एवढं तरी नक्की. धरताना तो शेजारच्याला काय म्हणाला, ते गेलं.

मला हातांचा पक्ष आवडला, तसं लिहून पाठवलं. विजयेंद्र सरांचा — ते कंपनीत फलक पास करतात — पाच मिनिटांत फोन. “मॅडम, हातवारे वगैरे नको. मुलांना लक्षात राहील असं एक वाक्य द्या. मोठ्या अक्षरांत.”

दिलं. ‘बोलला, तो माणूस झाला.’ सर खूश. मला स्वतःलाच ते वाक्य कसंसं वाटलं, पण बिल त्याच वाक्यावर निघणार होतं.

२१ जून, शनिवार

आज देवेशला सुट्टी. दुपारी त्याने मला हाताला धरून गॅलरीच्या दाराशी नेलं. “आवाज करू नकोस. बघ.”

महालक्ष्मी कपडे वाळत घालत होती. इरा समोर पालथ्या बादलीवर. दोघी बोलत होत्या — हातांनी! इराने मनगट फिरवलं, बोटं जुळवली, रस्त्याकडे केली. महालक्ष्मीने मान हलवली, दोन बोटं दाखवली, तळहात उलटा केला. इरा हसली. पोट धरून हसली. मग महालक्ष्मीही. एक शब्द नाही.

“हेच! हेच रूट कॉज!” देवेश कुजबुजला. “हातांनी मागितलं की मिळतं. मग तोंड कशाला उघडेल?”

बरोबर वाटलं. खरंच बरोबर वाटलं. पण खोटं कशाला लिहू, इथे कोण वाचणार आहे? मला त्याआधी राग आला होता. माझी मुलगी माझ्याशी अशी कधी हसली नाही. मी तिला दीड वर्ष गोष्टी सांगतेय, गाणी म्हणतेय, अखंड बडबडतेय. आणि ती हसली ते त्या बाईच्या दोन बोटांना!

२३ जून

महालक्ष्मीला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. महिन्याचा पूर्ण पगार दिला, वर साडी दिली, म्हणजे आपण चांगले लोक आहोत हे सिद्ध झालं. तिने भांडण केलं नाही. म्हणाली, कोवलमला परत जाते, मासळी विकते. मग पुन्हा कानाला हात लावला.

मी म्हटलं, “हो हो, बघू.”

२४ जून

नवा नियम. ‘तोंडाने माग, मग मिळेल.’ देवेशने फ्रिजवर लिहून लावलं — इराला वाचता येतं असा त्याचा समज असावा. पाण्याची बाटली, बिस्किटं, बाहुली, सगळं वरच्या फळीवर. तिने बोट दाखवलं की आम्ही बोलून दाखवायचं, आणि ती म्हणेपर्यंत द्यायचं नाही.

आज पाण्यासाठी वीस मिनिटं. पा-णी. पा-णी. पाऽऽ-णी! माझा जबडा दुखला. ती रडून रडून लाल. शेवटी मी दिलं. देवेश म्हणाला, “तू ढिली आहेस.”

२६ जून

चाळीस मिनिटं. दिलं नाही. झोपली.

२७ जून

सकाळी दिलं. म्हणजे मी राक्षसीण नाही. नोंद असावी.

२९ जून

इरा आज काहीच मागत नाहीये. बोट नाही, रडणं नाही. जमिनीवर बसून एक चमचा इकडून तिकडे. ताटात वाढलं तेवढं खाल्लं. देवेश म्हणतो, हट्ट कमी झाला, प्रगती आहे.

माझ्या बारा फलकांत माणूस सगळं काही शिकत जातो. मागायचं सोडून देणारा माणूस एकाही फलकावर नाही.

३० जून, सोमवार

दुपारी खालून एक अंत्ययात्रा गेली, इथल्या पद्धतीने वाजतगाजत. ढोल, ताशे, आणि आमच्या खिडकीखालीच फटाक्यांची लांबलचक माळ! समोरच्या फ्लॅटमधलं बाळ किंचाळायला लागलं. खालची कुत्री पळाली. मी इरा झोपली होती त्या खोलीकडे धावले, खिडकी लावायला, तिला उचलायला.

इरा झोपलेलीच. खिडकी सताड उघडी, धूर आत येतोय, आणि हिची पापणी हलली नाही.

मी बेडशेजारी उभी राहिले. माळ संपली. मग मी स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणलं, तिच्या उशाशी धरलं आणि लाटण्याने मारलं. एकदा. पुन्हा. पुन्हा.

ती उठल्यावर बैठकीत, माझ्याकडे पाठ करून बसली. मी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि मिक्सर लावला. आली नाही. दार उघडलं, ओट्याशी उभी राहिले, मिक्सर न लावताच. तिने वळून पाहिलं — आणि धावत आली. ती मिक्सरला येत नव्हती. मी ओट्याशी उभी राहिले की खोबरं मिळतं, म्हणून येत होती.

एवढं कळायला मला दीड वर्ष आणि एक प्रेत लागलं. मीच ती हुशार, उत्क्रांती समजावून सांगणारी.

२ जुलै

कानाची तपासणी. तिला गुंगीचं औषध, डोक्याला तारा, पडद्यावर रेषा. दोन्ही कान. अगदी जवळचा, खूप मोठा आवाज थोडासा पोचत असेल, बाकी नाही. जन्मानंतरची तपासणी खोटी नव्हती, म्हणे. काहींचं नंतर जातं, हळूहळू. यंत्रं आहेत, ऑपरेशन आहे, पुढच्या आठवड्यात बोलू.

तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “घरी ती काही हवं असेल तर कशी सांगते?”

मी म्हटलं, “सांगत नाही.”

“कधीच नाही?”

मग मी महालक्ष्मीच्या हातांचं सांगितलं. बाई एकदम सरसावून बसल्या. “अहो, मग तिला भाषा आहे की! ज्यांनी हे केलं त्यांना सोडू नका.”

“सोडलं,” मी म्हटलं.

 घरी आल्यावर देवेशने फ्रिजवरचे दोन्ही कागद काढले, चार घड्या घातल्या आणि कुठे टाकावे ते न कळून खिशात ठेवले. मग बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बराच वेळ बसला. मला त्याला खूप काही बोलायचं होतं. ‘तू ढिली आहेस’ पासून सुरुवात करणार होते. पण पाण्याची बाटली वर ठेवणारे हात माझेही होतेच. चहा केला. दोन कप.

३ जुलै

विजयेंद्र सरांना फोन — सातवा फलक थांबवा, वाक्य बदलायचं आहे. ते म्हणाले, छापून गेला मॅडम, आणि सगळ्यांना तोच सर्वांत आवडलाय! आता तो शाळाशाळांतून फिरणार. खाली माझं नाव नाही, ही कंपनीची नेहमीची कंजुषी आज पहिल्यांदा बरी वाटली.

५ जुलै, शनिवार

इराला घेऊन कोवलमला गेले. देवेश येतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं. माफी मागायला दोघं गेले की एक जण भाषण करतो. आमच्यात तो कोण, हे साताऱ्यालाही ठाऊक आहे.

महालक्ष्मी किनाऱ्यावरच होती, टोपलीपुढे. आम्हाला पाहून उठली नाही. मी तोडक्यामोडक्या तमिळमध्ये वाक्य तयार करून आणलं होतं, बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं. उच्चारायच्या आधीच इरा माझा हात सोडून धावली. आणि तिचे हात सुरू झाले! किती दिवसांचं साठलेलं — बस, समुद्र, डोक्याला लावलेल्या तारा, सगळं. मला तारा तेवढ्या ओळखू आल्या. महालक्ष्मीने माशाचा हात पदराला पुसला आणि उत्तर दिलं.

मी म्हटलं, “कान. तुम्ही बरोबर होता.”

“सरि,” ती म्हणाली. या वेळचं ‘सरि’ कुठलं, ते माझ्या लक्षात आलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

ही भाषा शिकलात कुठे, असं विचारलं. तिने समुद्राकडे बोट केलं. एक होडी येत होती, इंजिन धडधडतंय, आणि तिच्या पुढच्या टोकावरचा माणूस किनाऱ्याकडे हात करत होता — मनगट, बोटं, उलटा तळहात. किनाऱ्यावरच्या बायका तिकडे बघून आधीच टोपल्या सरसावत होत्या. केवढी मासळी, कुठली, जाळं फाटलंय का — सगळं त्यात. मला समजेल अशा सावकाश तमिळमध्ये ती म्हणाली, “इंजिनापुढे तोंड कोणाला ऐकू येतं, अम्मा? लग्न होऊन आले तशी हेच बघतेय. पाप्पाला ऐकू येत नाही हे पहिल्या आठवड्यात कळलं, वाटलं तुम्हालाही ठाऊक आहे. मग तिच्याशी होडीवाल्यासारखी बोलले. तिने अर्धं स्वतःचं घातलं.”

सोमवारपासून येते म्हणाली. एक अट — मी रोज एक तास तिच्यासमोर बसायचं आणि शिकायचं. पहिला धडा तिथेच, वाळूत. ‘पाणी’. मी तीनदा चुकले. इराने माझी बोटं धरून नीट केली.

६ जुलै

काल एक गोष्ट लिहिली नाही. लिहवली नाही.

बस यायच्या आधी मी महालक्ष्मीला विचारलं होतं — इरा तुमच्याशी माझ्याबद्दल कधी काही बोलायची का? ती आधी नको म्हणाली. मग सांगितलं. रोज एकच विचारायची. अम्माचं तोंड दिवसभर हलत असतं. एवढं काय खाते ती? आणि मला का देत नाही?