बोरकोटचा लेख पुसण्याबाबत

औराद, रविवार

चि. विजयश्रीस धनराजकाकाचे अनेक आशीर्वाद. (ज्ञानकोशातल्या माझ्या लेखावर पुसून टाकण्याची पाटी तुझ्याच नावाने लागली आहे, तेव्हा खरं तर 'माननीय संपादक' असंच लिहायला हवं होतं, पण तुझा शेंबूड पुसलेला माणूस मी, हात वळला नाही.) पुण्याची हवा मानवते का? वेळेवर जेवतेस ना? इकडे तुझी आजी बरी आहे, म्हणजे आहे.

तर लेखाबद्दल. जुनं बोरकोट तलावाखाली गेलं तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. सरकारी कागदात गावाचा इतिहास 'बुडीत क्षेत्र' एवढाच. बाकी सगळं गाव तुझ्या आजीच्या डोक्यात होतं, आणि तेही अलीकडे रिकामं होत चाललंय, म्हणून तिला विचारून विचारून मी त्या ऑनलाइन ज्ञानकोशात लिहीत गेलो. संध्याकाळी दुकान बंद केलं की तिला वाचून दाखवायचो. मला ती ओळखत नाही (दुकानातला नोकर समजते आणि पगार कापीन म्हणते), पण निलम्माचं घर वेशीपासून तिसरं लिहिलं की ताडकन उठून बसायची. "कामून खोटं लिवायलास? दुसरं हाय!" म्हणून लेखात 'निलम्माची सून भांडखोर होती' असली वाक्यं आली. तुमच्या नियमात ती बसत नाहीत, मान्य. तुम्ही संदर्भ मागितलात, मी 'सोजराबाई, आमच्या घरी, दुपारी झोपलेल्या असतात' असा दिला. तोही काढून टाकलात. आमच्यापैकी कुणीतरी जत्रेच्या पत्रिकेसारखं तळाला 'आपले विनीत, समस्त गावकरी मंडळी. नजरचुकीने कोणाचे नाव राहिल्यास क्षमस्व' असं घातलं, त्यात मात्र माझा हात नाही.

पाटी लागली आणि खाली लिहिलेलं, चर्चेत मत नोंदवा. माझी अक्कल गहाण पडली होती, मी हे नव्या बोरकोटात जाऊन सांगितलं. मत म्हटल्यावर आपल्या लोकांना काय लागतं? टेम्पो भरून मंडळी औरादला आली, जिथे रेशनकार्डाचं काम होतं त्या सेंटरवर. पोरगी मशीनवर एकेकाचं खातं उघडायला बसली आणि कुणीतरी म्हणालं, आधी लेख तर वाचून दाखव. तिने वाचला. त्यात कारहुणवीला, बैलांच्या सणाला, मानाचा बैल वेशीतून आधी जायचा तो माणिकरावांचा, असं निघालं. बसवंतप्पा उठले. "आमचा पयला जायचा, ह्ये समद्या गावाला ठावं हाय!" विजयश्री, त्या वेशीवर आज पुरुषभर पाणी आहे. दोघांच्या दारात बैल नाही, ट्रॅक्टर आहेत. तरी खुर्ची उचलली गेली आणि माणिकरावांच्या डोक्याला टाके पडले. मग निम्म्यांनी 'ठेवा' लिहिलं, निम्म्यांनी 'पुसा', सगळं एकाच मशीनवरून. तुमच्या मंडळींनी निष्कर्ष काढला की एकच माणूस अनेक नावांनी स्वतःशी भांडतो आहे आणि तो माणूस मी. माझं खातं बंद आहे.

हसू नकोस. हे दोघे सोयरे आहेत. गाव उठलं तेव्हा एकाच ट्रकमधून आले, एका चुलीवर जेवले. परवा माणिकरावांच्या घरी मयत झाली आणि बसवंतप्पांकडून कोणी खांदा द्यायला आलं नाही. पाण्याने जे मोडलं नाही ते मी मोडलं, याचा मला फार त्रास होतो. तेव्हा तुझंच बरोबर. लेख वाईट आहे, पूस. माझी हरकत नाही, मनात काही ठेवणार नाही.

तुझा
धनराजकाका

ता. क. : वरचं रागात लिहिलं आहे. पुसू नकोस. हवं तर निलम्माची सून काढ, बैल दोघांचेही काढ, शुद्धलेखन तुझ्या मनासारखं कर, पण गाव राहू दे.

ता. क. दुसरा : खरं कारण सांगतो. आठवडा झाला, आजी दुरुस्त्या सांगत नाही. काल मी मुद्दाम चुकीचं वाचलं, बोरकोट नावाचं गाव कधी नव्हतंच. म्हटलं, आता तरी उठून बसेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हय, नव्हतंच." पाटी काढ, पोरी.