गाडी ह्यांच्या नावावर

चेरीताल, जबलपूर
४ मार्च २०२५

प्रिय सुगत,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन सोडून ताई पत्र काहून लिहून राहिली, असं तुला वाटेल. घरात दोन खोल्या, ह्यांचे कान तिखट. मी फोनवर नाक ओढलं तरी आतून विचारतात, कोणाशी बोलतेस. म्हणून ह्यांना डायलिसिसच्या मशीनवर घेतलं की बाहेरच्या बाकावर बसून लिहायचं ठरवलं. उत्तर खालच्या मजल्यावरच्या समिधाच्या नावानं पाठव. शाळेत माझ्याबरोबर होती, पोटात ठेवणारी बाई आहे.

मंगळवार-शुक्रवार सिविल लाइंसच्या हॉस्पिटलात यायचं आणि तीन जिने चढून परत घरी जायचं, यातच आम्ही दोघं संपून जाऊ असं वाटतं. मशीनवरून उतरल्यावर ह्यांना उभं राहवत नाही. ई-रिक्षावाले सवारीसाठी कमानिया गेटवरून फिरवून आणतात, त्या गर्दीत हे माझ्या खांद्यावर डोकं टाकून पडून असतात. मागच्या खेपेला ऑटोत ओकारी झाली. ऑटोवाल्यानं भर रस्त्यात उतरवलं आणि वर मलाच सांगितलं, अम्मा, ऐसे मरीज को घर में रखो. ह्यांनी ते ऐकलं. त्या शुक्रवारी गेलेच नाहीत. म्हणाले, आता पुरे.

सुगत, पुरे म्हणजे काय ते डॉक्टरांनी मला सांगितलं आहे. मशीन बंद केली तर फार तर दोन आठवडे. मी हात जोडले, रागावले, अबोला धरला. शेवटी म्हटलं की मी गाडी घेते आणि मीच चालवते. आमची लेक श्रद्धा बेंगळुरूहून पैसे पाठवून राहिली आहे, तो प्रश्न नाही. यावर हे भिंतीकडे पाहून एवढंच म्हणाले, घ्यायचीच तर लहान घे आणि जिचा इन्शुरन्स स्वस्त पडतो अशी घे. बाप्पा, किती दिवसांनी ह्यांनी कशात तरी लक्ष घातलं. तोच धागा धरून आज आणलं आहे. तू गाड्यांच्या विम्याचं काम करतोस. कोणती घेऊ ते लवकर कळव.

प्रणोतीला आशीर्वाद. माया आहे ती असू दे, आणि उत्तराला उशीर नको.
तुझी,
कलावतीताई

---

इंदोरा, नागपूर
१० मार्च २०२५

ति. ताईस,
सुगतचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून प्रणोती जेवली नाही. मी जेवलो, पण घास कुठे गेला ते कळलं नाही. ऑटोवाल्याचं मनावर घेऊ नको असं भाऊजींना सांगणार होतो, पण मलाच ते मनातून काढता येईना.

आता कामाचं. इंजिन हजार सीसीच्या आतलं घे. सक्तीचा थर्ड पार्टी विमा त्या गाड्यांना सगळ्यात कमी. त्यात सेकंड हँड घेतली तर बाकीचा विमाही उतरतो, कारण गाडीची किंमतच कमी धरतात. जिचे पार्ट जबलपुरात कोणत्याही दुकानात मिळतील अशी पाहा. नवीन कोरीच्या भानगडीत पडू नको, तिचा थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो. आणि ऐक, गाडी तुझ्या नावावर घे. चालवणार तू, लायसन्स तू काढणार, मग मालकही तूच हवी. उद्या काही वेळ आली तर नावं बदलत ऑफिसांचे उंबरठे झिजवावे लागतात. हे लिहिताना हात अडला, पण लिहिलं.

सायकल शिकताना तू पाटलांच्या गोठ्यात शिरली होतीस, ते भाऊजींना सांगू नको. नाहीतर बसायचेच नाहीत.

भाऊजींना माझा जयभीम सांग. रागावलीस तरी चालेल, परकं करू नको.
तुझा,
सुगत

---

जबलपूर
२५ मार्च २०२५

प्रिय सुगत,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून घरात वेगळीच हवा होती. तू सांगितलेलं मी माझ्या नावानं ह्यांना सांगितलं, आणि ह्यांच्यातला फॅक्टरीतला इन्स्पेक्शनवाला उठून बसला. आयुष्यभर दुसऱ्यानं बनवलेल्या मालात खोट काढली, आता गाड्यांमध्ये काढून राहिले. परत येताना ऑटो थांबवून गाड्या पाहायच्या असा नेम झाला. एकीचा दरवाजा पुन्हा रंगवलेला, एकीच्या बंपरला आतून भेग, एकीवर आधीच क्लेम घेतलेला. उभं राहायला माणसाचा आधार लागतो, पण बॉनेट उघडलं की मान आत. गाडी पाहायची म्हणून एकदाही डायलिसिस चुकवलं नाही. मी तर मोटर स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा भैया म्हणतो, दीदी, क्लच पे गुस्सा मत उतारिए.

मला वाटलं, चलो, माणूस परत आला.

आज सकाळी कळलं. एका विकणाऱ्याशी हे हळू आवाजात बोलत होते, मी मागेच होते. विचारत होते की बाई एकटी राहणारी, फॅमिली पेन्शनवर, तर दरवर्षीचा हप्ता तिला झेपेल ना. एकटी राहणारी. सुगत, हे गाडी स्वतःसाठी पाहतच नव्हते. मी पुढे जाऊन काय बोललात ते विचारलं, तर शांतपणे म्हणाले की तुझी सोय लागली की मी मोकळा. गाडी दारात आली की मशीन बंद. मला वाटलं होतं गाडी ह्यांना मशीनपर्यंत नेईल. मी स्वतःच्या हातानं काय करून बसले, तूच सांग.

बाकावर शेजारी लोक आहेत, रडताही येत नाही. मला काही तरी सुचव. काहीही.
तुझी,
ताई

---

नागपूर
३१ मार्च २०२५

ति. ताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

मी दोन कागद फाडले. मला सुचतं ते एवढंच की आता खोट तू काढ. भाऊजींना गाडी पसंत पडली की तू नापसंत कर. रंग आवडला नाही म्हण, सीट उंच आहे म्हण, काहीही म्हण. शोध चालू राहील तोवर ते येत राहतील. यात फसवणूक आहे ते मला कळतं. पण दुसरा उपाय माझ्याकडे नाही. मी येऊ का? आलो तर त्यांना संशय येईल, म्हणून विचारतो.

तुझ्या शब्दाची वाट पाहत आहे.
तुझा,
सुगत

---

जबलपूर
२५ एप्रिल २०२५

प्रिय सुगत,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र बाकावरून नाही, आमच्या बिल्डिंगखाली गाडीत बसून लिहिते आहे. काय झालं ते सांगते, मग शिव्या घाल.

तू सांगितलं तसं मी खूप ताणलं. माझ्या नखऱ्यांना दुकानदार कंटाळले. पण ह्यांनी एक जुनी पांढरी शोधलीच. हजारच्या आतली, एका डॉक्टरीणबाईची, कधी न ठोकलेली, विमा अगदी स्वस्त. मला एकही खोट सापडली नाही. ह्यांनी बयाणा द्यायचं ठरवलं आणि त्या रात्री शांत झोपले. मी ती झोप पाहत बसले आणि मला कळलं, ही गाडी आली की माझा माणूस गेला.

मग मी शोरूममध्ये जाऊन कोरी गाडी घेतली. लहानच आहे, हजारच्या आतलीच. पण नाव ह्यांचं घातलं आणि विमा तीन वर्षांचा, ह्यांच्याच नावाचा. पांढऱ्या गाडीचे कागद आहेत म्हणून सह्या घेतल्या. माझ्यावर भरवसा म्हणून हे चष्माही न लावता सही करून मोकळे झाले. तुला माहीत आहे, ह्यांनी सही करून कधी काम अर्धवट सोडलं नाही. पस्तीस वर्षं ह्यांच्या सहीशिवाय माल फॅक्टरीबाहेर गेला नाही. मला वाटलं, तीन वर्षांवर सही केली की तीन वर्षं थांबतील. वेडेपणा आहे. पण डॉक्टर, तू, मी, कोणाकडेच शहाणपणाचं काही उरलं नव्हतं.

गाडी आली तसे कागद वाचले आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मंगळवारी गेले नाहीत. आज शुक्रवार, आजही नाही म्हणाले. पायांवर सूज चढली आहे, दोन वाक्यांत दम लागतो. मी किल्ली घेऊन खाली आले आणि बसले. ते उतरेपर्यंत मी वर जाणार नाही. समिधा पाणी घेऊन आली होती, तिच्याच हाती हे पाठवते.

सुगत, मला भीती वाटते. एवढंच.
ताई

---

चेरीताल, जबलपूर
२९ एप्रिल २०२५

चि. सुगत यास,
मोतीरामचा जयभीम. वि. वि.

तुझी बहीण तुला पत्रं लिहिते हे मला माहीत आहे. समिधाबाई पोटात ठेवतात, पण चेहऱ्यावर ठेवता येत नाही त्यांना. म्हणून या वेळी मीच लिहितो. डावा हात मशीनला आहे, उजवा मोकळा आहे.

तिनं मला फसवलं. मी तिच्यासाठी चोख गाडी शोधली होती, आणि तिनं जिचा मालक टिकणार नाही अशी गाडी घेतली. तुझ्या धंद्यात याला काय म्हणतात ते तूच जाण. मी फार रागावलो होतो, अजूनही आहे.

शुक्रवारी ती खाली जाऊन बसली. ऊन कसं असतं इथलं ते तुला ठाऊक आहे. काचा खाली, डोक्यावर पदर, दोन्ही हात स्टीअरिंगवर. येणारे-जाणारे विचारत होते, भाभीजी, कहीं जाना है क्या. ती सगळ्यांना एकच सांगत होती की मालक येऊन राहिले आहेत. मी गॅलरीतून पाहत होतो. दुपार झाली, जेवली नाही. पाण्याचा पेला समिधाबाईंनी दिला तो तसाच टपावर. मग तिचं डोकं हळूहळू स्टीअरिंगवर टेकलं आणि हॉर्न वाजत राहिला. ती उचलेना.

सुगत, गेलं वर्षभर मी मोठ्या तोऱ्यात आहे की मी आधी जाणार आणि तिची सोय लावून जाणार. ही माझ्या आधी जाऊ शकते, हे मला त्या हॉर्नपर्यंत सुचलंच नव्हतं. जिने कसा उतरलो ते आठवत नाही. दोनदा बसलो असेन. पोचलो तेव्हा ती जागी झाली होती, उन्हानं ग्लानी आली होती म्हणाली. आधी पाणी प्यायला लावलं. मग मी शेजारी बसलो. तिनं किल्ली फिरवली. चौकात गाडी बंद पडली, मागचे ओरडत होते, तेव्हाही मी खोट काढली नाही. हॉस्पिटलात उशिरा का होईना घेतलं मला.

तीन वर्षं माझ्याच्यानं होणार नाहीत. ते तिला माहीत आहे, तुलाही असेल. आज मंगळवार, आज आलो आहे. येत्या शुक्रवारचं मी मनाशी कबूल केलं आहे. हे तिला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नको. त्या दिवशी तिनं किल्ली उचलायच्या आधी मला चपला घालून दारात उभं राहायचं आहे.

प्रणोतीस आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ थोडा कमी झाला तरी हरकत नाही, तो तिच्याकडे वळव.
तुझा,
मोतीराम