पश्चिमेची भिंत

प्रिय सानोबार,

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा चहा ठेवायला, एकदा कोंबड्या हाकलायला, आणि तिसऱ्यांदा कशाला उठलो ते अंगणात गेल्यावर आठवेना. तुझी आई असती तर ओरडली असती, "अहो सानोबारचे बाबा, पायाला भिंगरी लागलीये का? बसा की एका जागी!" फोनही उचलला होता. पण तुझा आवाज ऐकला की मी नेहमीसारखं "सगळं ठीक आहे" म्हणून मोकळा होणार, म्हणून ठेवून दिला.

तुझा निबंध ऐकला. माझ्या डोळ्यांना ती बारीक अक्षरं झेपत नाहीत, म्हणून शेजारच्या तुर्सुन मास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवला. गुरुवारी ताश्कंदला विद्वानांपुढे तू तो वाचणार आणि त्यांना पटला तर आपल्या टेकडीखालच्या जुन्या शहराचं सगळं खोदकाम तुझ्या हाती येणार, हे कळल्यावर मास्तरांची छाती माझ्याहून जास्त फुगली. कुषाणांचं राज्य घोडेस्वारांवर नाही, अशा मोठ्या शहरांवर उभं होतं, हे तू छान लिहिलंयस. धान्य इथं यायचं, तांडे इथं थांबायचे, कुठल्या गावाला किती पाणी हेही इथंच ठरायचं. सक्तीच्या कापसाच्या काळात आमचं असंच व्हायचं, हुकूम कुठल्या तरी शहरातून यायचा आणि पाठ आमची वाकायची. तेवढं मला शिकल्याशिवाय कळतं.

पण पुढे तू म्हणतेस की या शहराला तीनच बाजूंनी तट होता. पश्चिमेला, वाळवंटाच्या तोंडावर, मुद्दामच नव्हता, कारण राज्याचा धाक हाच तिथला तट. सगळा निबंध त्यावरच उभा आहे. मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "एर्गाशआका, काय पोरगी आहे तुमची! दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजाच्या मनातलं ओळखलं!" मी चहा ओतायच्या निमित्तानं आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो.

आपल्याकडची जुनी रीत तुला ठाऊक आहे. नवरोज जवळ आला की नांगरटीआधी सगळं गाव टेकडीवर जायचं आणि जुन्या वस्तीची माती उकरून शेतात टाकायचं. खरबुजं काय पोसायची! माझे आजोबा गाढवावर दोन पोती आणायचे, वडील गाडाभर. त्यात चोरी आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग सामुदायिक शेतीच्या मुख्याला कापूस जास्त हवा झाला, आणि बाविसाव्या वर्षी मला बुलडोझर मिळाला. मी किती मिरवायचो म्हणून सांगू! त्याच उन्हाळ्यात शहरातून एक चष्मेवाले साहेब टेकडीच्या चौकशीला आले. आदल्या दिवशी मुख्यानं सगळ्यांना बजावलं, "काय विचारलं तरी एकच उत्तर, इथं काही नव्हतंच." आम्ही सगळ्यांनी तेच सांगितलं. मीही. पुढे नऊ वर्षांची तू टेकडीवर उभी राहून विचारलंस, "बाबा, या बाजूची भिंत कुठं गेली?" मला लाज वाटली आणि तोंडून तेच जुनं उत्तर निघालं. "नव्हतीच ती, पोरी."

निबंधाच्या शेवटी तळटीप आहे. गावातल्या जुन्या जाणकारांच्या सांगण्यानुसार पश्चिमेला तट कधीच नव्हता. मास्तर हसून म्हणाले, "हे जाणकार म्हणजे तुम्हीच की हो, आका!"

म्हणून हे पत्र. भिंत होती, सानोबार. आपल्या घराइतकी रुंद, चारही बाजूंत सर्वांत जाड. राजा घाबरत होता, आणि सर्वांत जास्त त्याच बाजूला घाबरत होता. मी ती महिनाभरात पाडून कापसात ओतली. पुढच्या वर्षी तिचा पाया उखडून तिथूनच कालवा खणला, म्हणून तुला तिथं काही सापडलं नाही. विटा चांगल्या चौकोनी होत्या, प्रत्येकीवर बोटानं ओढलेली खूण. त्यांतल्या सोळा मी घरी आणल्या आणि तुझ्या आईनं त्यांच्या ओट्यावर तंदूर बसवला. त्याच्याच रोटीवर तू वाढलीस. तुझी आई गेल्यापासून मी त्या तंदुराला हात लावला नव्हता. आज पहाटे फोडला. सोळाच्या सोळा निघाल्या, अंगणात मांडून ठेवल्यात. त्यांतली एक आणि हे पत्र घेऊन मास्तर उद्याच्या गाडीनं तुझ्याकडे निघतायत. आता हा निबंध तुला वाचता येणार नाही, हे मला कळतं. तळटीप मात्र खोडू नकोस. तिथं माझं नाव घाल आणि लिही की हा माणूस खोटं बोलला होता. विटेच्या एका कडेला काजळी दिसेल. ती तुझ्या आईच्या तंदुराची आहे, तेवढी पुसू नकोस.

तुझाच, तुझ्याशी आयुष्यात एकदाच खोटं बोललेला,
बाबा