चार नंबरचा पिंजरा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्षात नुसताच वाकलो, चालवून घे.) तू कशी आहेस हे विचारत नाही, कारण तू लिहिशील, मला काय धाड भरलीय, आणि तुझा रिपोर्ट मी वाचलेला आहे. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर, सुदैवाने सुरुवातीचा, आणि तू महिनाभर भावोजींना सांगतेस की पाठीत उसण भरलीय. पण ते राहू दे, आधी माझी फजिती ऐक.

आमच्या प्रयोगशाळेत काय चालतं ते तुला ठाऊक आहे. काही कॅन्सर विषाणूमुळे होतात, तुझाही त्यातलाच. त्या विषाणूची शरीराला ओळख पटवणारी लस टोचली, तर शरीर स्वतःच गाठीवर तुटून पडेल का, हे आम्ही उंदरांवर बघतो. (बघतात मोठ्या बाई. मी पिंजरे धुतो, उंदीर तोलतो आणि बोलणी खातो.) निम्म्या पिंजऱ्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते बंद पाकिटात. मला मुद्दाम सांगत नाहीत, कारण बाईंच्या मते माझा जीव फार लवकर गलबलतो. याचा मला राग यायचा.

तर चार नंबरच्या पिंजऱ्यातले उंदीर मला फारच मलूल दिसले. मी ठरवूनच टाकलं, हे बिचारे मिठाच्या पाण्याचे. मग माझ्या चहाबरोबरचं अर्धं बिस्कीट रोज तिकडे जाऊ लागलं. (उरलेलं अर्धंही जायचं, तुझ्याशी काय खोटं बोलायचं.) पंधरा दिवसांत त्यांची वजनं अशी वाढली की बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा तोलायला लावलं आणि नोकरीत पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात भुशात क्रीम लागलेला तुकडा सापडला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "हा पिंजरा आता बाद. लस लागू पडली की बिस्किटं, हे मी उद्या ही लस घेणाऱ्या बायकांना कसं सांगू?" उंदरांना नाही, ताई, बायकांना. मला तुझी आठवण आली आणि मी मोरीपाशी जाऊन रडलो.

पिंजरा बादच झाला म्हणून त्याचं पाकीट उघडलं, तर चार नंबरला लसच दिलेली. मरगळ होती ती लस टोचल्यावर येते तशी, दोन दिवसांची.

भावोजींना नमस्कार सांग आणि खरं काय तेही सांग. बाई म्हणतात, या विषाणूची लागण बहुतेकांना कधी ना कधी होऊन जाते, त्यात लाजायचं काही नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. उंदरांचं निमित्त होतं. ऑपरेशनची तारीख घे. एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. मोठ्या हॉस्पिटलात अशीच एक लस आता माणसांना देऊन बघणार आहेत. नेहमीचे उपचार सगळ्यांना, लस निम्म्यांना. माहितीचा कागद सोबत आहे, दोघं मिळून वाचा. पटलं तर ये.

शेवटचं. आलीस तर तुला लस मिळाली की मिठाचं पाणी, हे मला कळणार नाही आणि मी शोधणारही नाही. बाहेरच्या बाकावर बसायला मात्र मनाई नाही. बिस्किटं आणतो. तुला चालतात, या वेळी आधी विचारून घेतलंय.