तीन बोटं वर

ता. ४ मार्च, सोमवार

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी साडेसातला गाडीखालच्या कागदावर इंजिन ऑइलचे तेवीस थेंब होते. मी मोजले आणि शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी कुंपणापाशी येऊन खात्री केली. ते चोवीस म्हणत होते, पण एक थेंब चालू लागला. ती खरी मुंगी होती.

पत्र अशासाठी की फोनवर बोलायला लागलो की तुझ्या आईचं शिलाई मशीन बंद होतं आणि घरात शांतता पसरते.

गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, चुकचुकला आणि म्हणाला की इंजिन उतरवावं लागेल, गाडी आठ दिवस ठेवून जा. मी चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. रोगी न तपासता ऑपरेशन सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. शिवाय तुझ्या आईने जाहीर केलं आहे की गाडी दुरुस्तीला फाटकाबाहेर पडली तर परत येणार नाही, परस्पर तुझ्या मामाकडे जाईल. त्याचा दोन वर्षांपासून तिच्यावर डोळा आहे. गाडी गेली की आत्याकडे जाणं संपलं. तिच्या बाजूला बस जात नाही, आणि दर गुरुवारी ती दहापासून दारात खुर्ची टाकून बसते.

म्हणून गळती मीच बंद करावी असा विचार आहे. तू डेपोत बसची इंजिनं उघडतेस, तेव्हा आधी कुठला बोल्ट काढायचा ते कळव. उभ्या गाडीतून एवढं जातं तर चालत्या गाडीतून किती जात असेल, असा अंदाज धरून मी रोज पन्नास मिली मोजून भरतो. तेल बघायला आत एक पट्टी असते, पण तिच्यावर नुसत्या दोन खुणा आहेत. आकडे नसलेल्या मापाने मी आयुष्यात कुणाला औषध दिलेलं नाही.

आईला यातलं काही कळता कामा नये. लोभ ठेव, आणि उत्तर लवकर पाठव.

तुझे बाबा

ता. ५ मार्च, मंगळवार

चि. मुंगी, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन तुझ्या बाबांच्या खिशात असतो म्हणून लिहिते.

ते गाडीखाली शिरायच्या बेतात आहेत. जुना गालिचा कापून चटई केली आहे आणि विचारलं तर व्यायामासाठी म्हणतात. गेल्या वर्षी पडलेला स्क्रू शोधायला आत गेले, तिथेच कंबर धरली, आणि मी व पोस्टमास्तरांनी एकेक पाय धरून त्यांना बाहेर ओढलं. त्या शर्टाचं मी शेवटी फडकं केलं. म्हणून मामाचं नाव काढून धाक घातला. पण मामाला ते खरंच वाटलं. वीस तारखेला गाडी न्यायला येतो म्हणतोय. आता हे कसं निस्तरू? गाडी मला द्यायची नाही गं. आत्या आणि मी गुरुवारी तुझ्या बाबांविषयी जे बोलतो, ते फोनवर बोलण्यासारखं नसतं.

इंजिन कोरडं पडू नये म्हणून दर मंगळवारी ते वाचनालयात गेले की मी वाटीभर तेल ओतते. डाग मोठा दिसला तर दोन वाट्या. गेले दोन महिने डाग वाढतच चाललाय, तसा माझा हातही सैल सुटलाय.

हे त्यांना सांगू नकोस. गाडीखाली जाऊ नका, एवढं मात्र लिही. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकल्यासारखं तरी करतात. जेवत जा. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझी आई

ता. ८ मार्च, शुक्रवार

ती. आई व बाबांस सा. न. वि. वि.

दोघांची पत्रं एकाच टपालाने आली. दोघांनी गुपित राखायला सांगितलं आहे, तेव्हा कोणी काय लिहिलं ते मी सांगणार नाही. फक्त एक काम सांगते.

रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, दोघांनी शेजारी उभं राहून ती पट्टी बाहेर काढा. पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि तेल कुठपर्यंत आलंय ते बघा. बाबा, आकडे नसले तरी चालेल. वरच्या खुणेच्या वर तेल असेल तर ते वाईट. जास्त झालेलं तेल आत घुसळलं जातं, दाब वाढतो आणि मिळेल त्या फटीतून तेल बाहेर येतं. तोवर कोणीही गाडी चालू करायची नाही, कोणीही इंजिनात काही ओतायचं नाही आणि कोणीही गाडीखाली जायचं नाही. प्रत्येक 'कोणीही' मी विचार करून लिहिला आहे.

वर्कशॉपमधले आमचे हेडमिस्त्री दोन्ही पत्रं वाचायला मागत आहेत. दिलेली नाहीत. माझ्यावरचा राग आणि लोभ दोघांनी वाटून घ्यावा.

तुमची मुंगी

ता. १२ मार्च, मंगळवार

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

आज चार थेंब. मोजणी तुझ्या आईने केली, खात्री मी केली.

रविवारी पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या तीन बोटं वर होतं. पोस्टमास्तर कुंपणाशी हजर होते, बोलावलेले नव्हते. मग तुझ्या आईने विचारलं की एवढं कोणी ओतलं. मी कबूल केलं आणि मनात म्हटलं, गेली गाडी मामाकडे. पण ती आत गेली आणि एक वाटी घेऊन आली, तेलकट. ती वाटी मी दोन महिने शोधत होतो. तेव्हा पोस्टमास्तर म्हणाले की ते आम्हा दोघांनाही ओतताना बघत आले आहेत, त्यांना वाटलं आम्ही वार वाटून घेतलेत.

दुकानातली मोठी सिरिंज आणि बारीक नळी माळ्यावर होती. पट्टीच्याच भोकातून जादा तेल ओढून घेतलं, गाडीखाली न जाता. अडीच तास लागले. पट्टी आईने पुसली आणि थांबायचं कधी तेही तिनेच सांगितलं.

तर रोग उतरला आहे, गेलेला नाही. आता स्पष्ट सांग, उरलेल्या चार थेंबांना मी हात घालू की नको. तू नको म्हणालीस तरी लोभ कमी होणार नाही. थोडा वेळ अबोला राहील.

तुझे बाबा

ता. १५ मार्च, शुक्रवार

ती. बाबांस सा. न. वि. वि.

इंजिन पुसून कोरडं करा, बाहेरून टाल्कम पावडर भुरभुरा आणि दहा मिनिटं चालू ठेवा. हात आणि बाह्या पंख्यापासून लांब. पावडर जिथे ओली होईल तिथून गळतंय.

वरच्या झाकणाच्या कडेला ओली झाली तर खुशाल तुम्ही करा. इंजिन थंड झाल्यावर बोल्ट सोडवायचे, जुनं पॅकिंग काढायचं, जागा पुसायची, नवं बसवायचं. उभ्याने होणारं काम आहे. खालच्या अंगाला ओली झाली तर गॅरेज. तिथे मी रजा घेऊन गाडीशेजारी उभी राहीन, मामाला जवळ येऊ देणार नाही. बोल्ट मधल्यापासून आळीपाळीने दोन्हीकडे, थोडे थोडे आवळा. जोर लावू नका.

चटई आईच्या ताब्यात द्या. दोघांनी एकमेकांवर लक्ष ठेवा, माझ्यावर प्रेम.

तुमची मुंगी

ता. १८ मार्च, सोमवार

चि. मुंगी, अनेक उत्तम आशीर्वाद.

पावडर वरच्या कडेलाच ओली झाली. शनिवारी झाकण काढलं तेव्हा जुनं पॅकिंग हातात तुकडे होऊन आलं. नवं तुझ्या बाबांनी छान बसवलं, आणि मग एका टोकाचा बोल्ट करकचून आवळायला घेतला. मी पाना काढून घेतला. कॉलर जोडताना एकाच कडेने ओढत गेलं की दुसरीकडे चुणी पडते. आधी सगळीकडे टाचून घ्यायचं, मग पक्कं करायचं. तूही तेच लिहिलं होतंस, पण तुझं पत्र डाग पडू नयेत म्हणून ते आत कपाटात ठेवून आले होते. शेवटी बोल्ट मी आवळले, कितवा घ्यायचा ते त्यांनी सांगितलं. काल आणि आज कागद कोरा आहे. पोस्टमास्तर जरा उदास दिसतात.

राहिला मामा. परवा, बुधवारी अकराला येतोय. त्याला नाही कोणी म्हणायचं यावर दोन दिवस वाद झाला. तुझे बाबा म्हणतात, 'भाऊ तुझा', मी म्हणते, 'गाडी तुमची'. अखेर तोडगा निघाला. या आठवड्यात आत्यांकडे गुरुवारऐवजी बुधवारीच जायचं. आठला निघू, जाताना गाडी मी चालवीन, येताना ते. मामाला बसवून चहा पाजायचं काम पोस्टमास्तरांनी आपणहून घेतलंय. तो गेला की ते आत्यांकडे फोन करतील. तोवर आम्ही तिकडेच, वेळ पडली तर मुक्कामाला.

मामाने तुला फोन केला तर तुला काही माहीत नाही. लोभ आहेच, तो बुधवारी फोन करून दाखवू नकोस.

तुझी आई