जी मेजर, चार मागांच्या आवाजात

२ नोव्हेंबर, रविवार
ठरलं. २३ तारखेला टिळकवाडीच्या हॉलमध्ये फ्लूट कन्सर्टो, जी मेजर. अडीचशे वर्षं जुनी परदेशी रचना. फ्लूट मी. ऑर्केस्ट्राचं सगळं माधवी मॅडम कीबोर्डवर एकट्या काढणार. रिटायर्ड म्युझिक टीचर आहेत. त्यांनी विचारलं, बसलाय ना? म्हटलं, तोंडपाठ. सध्या पहिलं पान चालू आहे. हात बसला की बाकीची पानं आपोआप येतात.

४ नोव्हेंबर, सकाळी ७
रियाज सुरू. घरचे चारही माग चालू असतात, त्यांच्या शेजारीच बसतो. मागाचा ठेका पक्का, मेट्रोनोमचा खर्च वाचला. राणीला ओरडून विचारलं, कसं वाटतंय? तिने सुताच्या कांड्या भरता भरता मान हलवली. बायकोला संगीतातलं कळतं हे लग्नानंतर तीस वर्षांनी कळलं.

९ नोव्हेंबर
निपाणीहून व्याही भावकूअण्णांचा फोन. पूर्णिमाने सासरी सांगितलंय, आमचे आप्पा परदेशी संगीत वाजवतात. दोन गाड्या करून येतो म्हणाले. म्हटलं, कशाला तरास? म्हणाले, "तरास कसला पावणं, सून रोज सांगत्या." आता माघार नाही. घ्यायचीही नव्हती.

१४ नोव्हेंबर
दुसरं पान अवघड छापलंय. दाढ दुखते, कार्यक्रम पुढे ढकलू, असं मॅडमना कळवलं. त्यांचे भाऊ डेंटिस्ट निघाले. दाढ काढली. चांगली होती.

२० नोव्हेंबर, अमावास्या
आज अमावास्येची सुट्टी, गल्लीतले सगळे माग बंद. एवढी शांतता वाया का घालवा, म्हणून बसलो. तिसऱ्या ओळीला राणी बाहेर आली. म्हणाली, "इतकं दिस तुमी ह्येच वाजवत हुतासा व्हय?" समोरचे मारुतीराव दारात येऊन विचारून गेले, घरात कुणाला बरं न्हाय काय.
मीही आज पहिल्यांदाच ऐकलं. फ्लूटमध्ये बिघाड आहे.

२१ नोव्हेंबर
मॅडमना बिघाड दाखवायला गेलो. अर्धं पान ऐकलं त्यांनी. मग म्हणाल्या, पत्रिका वाटून झाल्या आहेत. कीबोर्डवर फ्लूटचाही आवाज निघतो. तुम्ही नुसते उभे राहा, बोटं हलवा, फुंकू मात्र नका. मोठ्या मनाने मान्य केलं.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ८
पार पडलं. फुंकलं नाही. टाळ्या भरपूर. पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी होतं, मी दुसरीकडे बघितलं. भावकूअण्णा स्टेजवर चढले. "पावणं, सुरवातीपासनं शेवटपत्तोर एकदाबी दम घेतला न्हाईसा. मी बघत हुतो." खरं आहे. श्वास घेतल्याचं दाखवायचं राहून गेलं.
मग म्हणाले, पुढच्या रविवारी आमच्या दारात मांडव घालतो, सगळं निपाणी ऐकू दे. मॅडमना एवढ्या लांब कशाला आणायचं? "कीबोर्ड नको. तुमी एकटंच वाजवा."
पूर्णिमा म्हणाली, आप्पा नक्की येणार.
मी व्हय म्हटलं.