छातीतला चिमटा

१४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. अक्षर ओळखून पाकीट न उघडताच फाडून टाकलं नसशील, असं धरून चालतो. मी मजेत आहे. कारखान्यात शाळेच्या चाळीस बाकांचं काम आलंय, पण मला रंध्याला हात लावायला बंदी आहे. त्याचीच गंमत सांगायचीय.

मागच्या महिन्यात बोटाला छिन्नी लागली म्हणून दवाखान्यात गेलो. तिथली नवी डॉक्टर तुझ्या लेकीएवढी दिसते. तिने बीपी घेतलं, एकशे नव्वद! म्हटलं, "मी मुळातच तापट आहे."

"काका, पँट जरा वर घ्या."

मी चक्रावलोच. तिने पट्टा पायाला बांधला. तिथे जेमतेम शंभर. मग पावलावर नाडी शोधत बसली, सापडेना.

"पाय गार पडतात?"

"लहानपणापासून."

स्कॅनमध्ये कळलं, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला छातीतच चिमटा बसलाय, जन्मापासून. वर रक्ताचा पूर, खाली दुष्काळ. सेहेचाळीस वर्षं कुणाला पत्ता नाही! शिकाऊ डॉक्टर रांगेने येऊन माझे पाय चाचपून गेले. एवढा भाव मला लग्नातही मिळाला नव्हता.

गेल्या सोमवारी जांघेतून नळी घालून छातीतल्या चिमट्याच्या जागी जाळी बसवली. ताई, पाय गरम झालेत! बायको वैतागलीय, मी पांघरूण लाथाडतो म्हणून.

तर... आईला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी लिफ्ट बंद होती. मी दुसऱ्या मजल्यावर मटकन बसलो आणि तू म्हणालीस, "आईला उचलायचंही तुझ्या जिवावर येतं." पाय खरंच चालत नव्हते गं. पण त्यावर मी तुला जे बोललो, ते पायांतून नाही, तोंडातून आलं. त्याला कुठलाही चिमटा कारण नाही. तीन वर्षं हे लिहायचं टाळलं. चुकलो मी.

आता मुद्द्याचं. हा दोष भावंडांतही असू शकतो. तुझं बीपी औषधाला दाद देत नाही, असं मावशी म्हणाली. पायाचं मोजून घे. रागाने माझं पत्र फेक, पण तपासणी चुकवू नकोस. तारीख कळवलीस तर मी सोबत येईन.

आणि एक सांगायचं राहिलं. ऑपरेशनच्या फॉर्मवर 'काही झाल्यास कोणाला कळवावे' याला दोन ओळी होत्या. पहिलीवर बायकोचं नाव लिहिलं. दुसरीवर तुझं, तुला न विचारता. नात्याच्या रकान्यात लिहिलंय, सख्खी बहीण.

खोडायला सांगू नकोस.

तुझाच,
धाकटा